कार्ट्रिज अलाइनमेंटने खरंच फरक पडतो का? पडतो, पण कुठे आणि किती ते बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. वडिलांच्या जुन्या एलपी ऐकायच्या म्हणून तुम्ही नवीन टर्नटेबल घेतलंय, त्यावर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती छोटी डबी) आहे, आणि दुकानातून जसं बसवून आलं तसंच ते वाजतंय. एक मित्र म्हणतो महागडा आरशाचा प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिज जुळवायची मापपट्टी) घ्या, अलाइनमेंट, म्हणजे कार्ट्रिजची जागा आणि कोन, अचूक केल्याशिवाय ऐकण्यात अर्थ नाही. दुसरा म्हणतो हे सगळे मनाचे खेळ आहेत, बसलंय तसं राहू दे. आता कोणाचं ऐकायचं?

मी बरीच वर्षं लोकांच्या घरी जाऊन टर्नटेबल लावून देतोय, पुण्यात जास्त, अधूनमधून मुंबईत, त्या अनुभवावरून सांगतो. अलाइनमेंट ढोबळमानाने चुकलेलं असेल तर ते कोणालाही ऐकू येतं, त्यासाठी तयार कान लागत नाही. पण एकदा ते अर्ध्या मिलिमीटरच्या आत आलं की पुढे जी काही खटपट लोक करतात तिचा फायदा साध्या सुईला जवळजवळ शून्य असतो, तोच वेळ सुई साफ करण्यात, सुईचं वजन (रेकॉर्डवर पडणारा तिचा भार) तपासण्यात आणि रेकॉर्ड धुण्यात घातला तर दसपट फरक पडतो. आणि तिसरी गोष्ट, जी कोणी फारशी बोलत नाही: आपल्या ख्यालाच्या एलपींमध्ये हा दोष जास्त टोचतो. का ते सांगतो, पण आधी मुळात घोळ काय आहे ते बघू.

रेकॉर्ड कापताना जे मशीन वापरतात त्याचं कटर बाहेरून आत सरळ रेषेत सरकतं, त्रिज्येवरून. आपला टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, मात्र एका खिळ्याभोवती फिरतो, म्हणून सुई कमानीत आत जाते. त्यामुळे कटरने ज्या कोनात खोबण कापली त्याच कोनात सुई प्रत्येक जागी बसणं शक्यच नाही. मग आर्म थोडा लांब ठेवून सुई स्पिंडलच्या (रेकॉर्डच्या भोकातून वर येणाऱ्या मधल्या दांडीच्या) पुढे १५ ते १८ मिलिमीटर न्यायची, याला ओव्हरहँग म्हणतात, आणि कार्ट्रिज २२-२४ अंश आत वळवून बसवायचं, म्हणजे ही कोनातली चूक कमीत कमी होते आणि पूर्ण रेकॉर्डवर दोन जागा अशा मिळतात जिथे चूक अगदी शून्य असते. हेच ते नल पॉइंट.

हे गणित काही हल्लीच्या हौशी लोकांनी काढलेलं नाही. पर्सी विल्सन यांनी १९२४ मध्येच सुईच्या कोनावर लिहिलं होतं, स्वीडनच्या लोफग्रेन यांनी १९३८ मध्ये कोनातल्या चुकीपेक्षा तिच्यामुळे होणारं डिस्टॉर्शन (आवाजातला बिघाड) कमी करायचं असा नीट हिशोब मांडला, १९४१ मध्ये बेअरवाल्ड यांनी त्याच वाटेने आकडे काढले आणि १९६६ मध्ये स्टीव्हनसन यांनी आतल्या खोबणीला जास्त जपणारी मांडणी दिली. आज बाजारात जे प्रोट्रॅक्टर मिळतात ते बहुतेक यांच्यापैकीच कोणाच्या तरी आकड्यांवर असतात. बेअरवाल्डचे नल पॉइंट ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात, लोफग्रेन बी (लोफग्रेन यांचीच दुसरी मांडणी) चे ७०.३ आणि ११६.६ वर, स्टीव्हनसनचे ६०.३ आणि ११७.४ वर. या तिघांत कुठलं चांगलं यावर लोक तासन् तास भांडतात, पण तुमच्या कामासाठी बेअरवाल्ड घ्या आणि पुढे चला. तुमच्याकडे ७ इंची रेकॉर्ड खूप असतील, नाट्यगीतांच्या आणि भावगीतांच्या ईपी आपल्याकडे घरोघरी असतात, तर स्टीव्हनसनचा विचार करा, कारण त्या आणखी आतपर्यंत कापलेल्या असतात आणि त्यातल्या काही तर ३३ च्या स्पीडवरच्याही आहेत, आतल्या खोबणीचा सगळ्यात वाईट प्रकार तोच.

आता आतली खोबण एवढी बदनाम का, तर स्पीडमुळे. टेबल मिनिटाला ३३⅓ फेऱ्या मारतं, बाहेरही तेवढ्याच आणि आतही तेवढ्याच. पण बाहेर १४६ मिलिमीटर त्रिज्येवर सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खोबण सरकते आणि आत ६० मिलिमीटरवर जेमतेम २१. म्हणजे तोच आवाज, तीच तान, निम्म्याहून कमी जागेत दाबून लिहिलेली. १० किलोहर्ट्झची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते, आत तीच २१ मायक्रॉन. कोनाची चूक तीच ठेवली तरी आत डिस्टॉर्शन अडीच पट होतं.

आणि आता ख्याल. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची. सुरुवातीला बाहेरच्या ऐसपैस खोबणीत काय असतं? तानपुरा, विलंबित लयीतली संथ आलापी, एकेक सूर लावत केलेली बढत. तिथे सुईला काहीच कष्ट नाहीत. मग लय वाढते, द्रुत सुरू होतं, तबला चढतो, हार्मोनियम मागे धावते आणि गवई तिन्ही सप्तकांत ताना घ्यायला लागतो, हे सगळं नेमकं शेवटच्या पाच-सहा मिनिटांत, म्हणजे रेकॉर्डच्या सगळ्यात अरुंद, सगळ्यात वाईट जागेत. चित्रपटगीतांच्या एलपीत बाजूचं शेवटचं गाणं हळुवार असं ठेवता येतं, तिकडे पाश्चात्त्य लोक मुद्दाम तसं करायचेही. ख्यालात ती सोय नाही, चढत जाणं हाच त्याचा घाट आहे. त्यामुळे भीमसेनजींची किंवा किशोरीताईंची द्रुत ताना असलेली बाजू संपत आली की खराब बसवलेलं कार्ट्रिज लगेच उघडं पडतं. दाणेदार तान चिकट होते, दाणे एकमेकांना लागतात, तार षड्जावर आवाजाला कड फुटते. आणि ऐकणाऱ्याला वाटतं की रेकॉर्ड घासलंय, किंवा त्या काळचं रेकॉर्डिंगच तसं.

आता आकड्यात बोलू म्हणजे कोणाचं किती खरं ते कळेल. कोनाच्या चुकीने मुख्यतः सेकंड हार्मोनिक तयार होतो, म्हणजे जो सूर वाजतोय त्याच्याच वरच्या सप्तकातला सूर. नेहमीच्या ९ इंची आर्मवर बेअरवाल्डने अचूक बसवलं तरी बाहेरच्या टोकाला जवळपास २ अंश चूक राहतेच, आतल्या टोकाला ०.८ अंश, आणि चांगल्या जोरात कापलेल्या जागी (सुईचा डावी-उजवीकडे हलण्याचा वेग सेकंदाला १० सेंटिमीटर धरला तर) डिस्टॉर्शन ०.६-०.७ टक्क्यांच्या आसपास येतं. हे परिपूर्ण सेटिंगचं आहे, याच्याखाली या लांबीचा गोल फिरणारा आर्म जाऊच शकत नाही. आता समजा कार्ट्रिज हेडशेलमध्ये (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज स्क्रूने बसवतात त्या पट्टीत) १ मिलिमीटर जास्त पुढे बसलंय. आतल्या टोकाला कोनात जवळजवळ १ अंशाची भर पडते, बाहेर मात्र त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच. म्हणजे आतली चूक ०.८ वरून १.७-१.८ अंशावर गेली आणि डिस्टॉर्शन दीड टक्क्याच्या घरात. ३ मिलिमीटर पुढे असेल तर तीन टक्के. उलट कार्ट्रिज मागे राहिलं असेल तर अगदी आतलं टोक तितकं बिघडत नाही, फटका बाजूच्या मधल्या भागाला बसतो. हे लक्षात ठेवा, कारण यावरून नुसत्या कानाने अंदाज येतो की कार्ट्रिज कुठल्या दिशेला चुकलंय.

तुम्ही म्हणाल तोच सूर वरच्या सप्तकात वाजला तर बिघडलं कुठे, षड्जाला तार षड्ज जुळतोच की. बरोबर आहे, आणि म्हणूनच एकटी बासरी किंवा एकटा आवाज एक-दीड टक्का सहज सोसतो, कोणाला काही कळत नाही. पण ज्या वाकडेपणातून हा हार्मोनिक येतो त्यातूनच, दोन-चार आवाज एकत्र आले की, त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे सूर तयार होतात, आणि त्यांचा रागाशी काही संबंध नसतो. तानपुरा, हार्मोनियम, तबल्याची चाट आणि वर गवयाचा खुला आवाज असं सगळं एकदम आलं की ती जी धुळकट झिलई सगळ्यावर चढते ती यातूनच. भावगीतात ती दुसऱ्या रूपात दिसते. स, श, च हे वर्ण फुत्कारल्यासारखे येतात, पहिल्या गाण्यात 'सखे' नीट ऐकू येतं आणि शेवटच्या गाण्यात तोच स थुंकीसकट आल्यासारखा वाटतो.

एक उदाहरण देतो. सदाशिव पेठेत एका काकांकडे जुनं जपानी टेबल आहे, चांगल्या अवस्थेतलं. त्यांची तक्रार अशी की त्यांच्या आवडीच्या ख्यालाच्या एलपीची दुसरी बाजू 'संपलीय', बहुतेक फार वाजवली म्हणून. मी सुई खाली ठेवली, पहिली दहा मिनिटं स्वच्छ. द्रुत सुरू झालं तसतसा आवाज फाटत गेला, दोन्ही स्पीकरमधून सारखाच, आणि तीच गोष्ट पहिल्या बाजूवर, तीच दुसऱ्या रेकॉर्डवरही. एवढं ऐकल्यावर रेकॉर्डवर संशय घ्यायचं कारण उरत नाही. हेडशेल काढून बघितलं तर कार्ट्रिज खाचांच्या अगदी पुढच्या टोकाला टेकवून स्क्रू आवळलेले, ज्याने कोणी शेवटचं बसवलं त्याने जिथे गेलं तिथे घट्ट केलं असणार. साधा छापलेला कागदी प्रोट्रॅक्टर लावला, कार्ट्रिज ३ मिलिमीटर मागे घेतलं, किंचित वळवलं, सुईचं वजन परत लावलं. अर्ध्या तासाचं काम. मग त्यांनी तीच बाजू परत लावली. द्रुतमध्ये तबल्याची किनार वेगळी ऐकू यायला लागली आणि तानेचा एकेक दाणा सुटा. काकांनी पूर्ण बाजू ऐकल्याशिवाय मला उठू दिलं नाही. त्यांच्याकडे ना महागडं कार्ट्रिज होतं ना महागडा प्रोट्रॅक्टर.

म्हणून तुमचा दुसरा मित्र, जो मनाचे खेळ म्हणतो, तो इथे चुकतो.

आता पहिल्याकडे वळू. तो ज्या अचूकतेच्या गोष्टी करतोय, एक दशांश अंश वगैरे, ती तुमच्या साखळीत दुसरीकडे कुठेच नाहीये. सुरुवात सुईपासूनच करा. अलाइन करताना आपण हिऱ्याकडे बघत नाही, तो एवढा बारीक असतो की भिंगाशिवाय दिसत नाही, आपण बघतो ती कँटिलिव्हर, म्हणजे ज्या नळीच्या टोकाला हिरा चिकटवलाय ती. आता तो हिराच नळीवर एक-दोन अंश तिरका चिकटलेला असला तर, आणि स्वस्तच काय महागड्या कार्ट्रिजमध्येही असं सापडतं, तुम्ही नळी कितीही अचूक समांतर केलीत तरी हिरा तिरकाच राहणार. सूक्ष्मदर्शक घेऊन हिऱ्याचा कोन मोजणारे लोक आहेत, लाखाच्या कार्ट्रिजला ते योग्यही आहे, पण तुमच्यासाठी तो रस्ता नाही.

मग हिऱ्याचा आकार. गोल टोकाच्या म्हणजे कोनिकल सुईची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन. वर सांगितलं की आतल्या खोबणीत १० किलोहर्ट्झची अख्खी लाट २१ मायक्रॉनची. त्या लाटेच्या घळीत एवढं जाडं टोक शिरणारच कसं? ते वरवर घसरत जातं आणि त्यातून जे डिस्टॉर्शन होतं त्याच्यापुढे कोनाच्या चुकीचं एक टक्का काहीच नाही. तुमच्या व्हीएम९५ई मध्ये इलिप्टिकल सुई आहे, तिची बाजूची त्रिज्या साधारण साडेसात मायक्रॉन, बरीच बरी. त्याच मालिकेतल्या मायक्रोलिनिअर सुईची ३ मायक्रॉनच्या आसपास. शिबाता नावाची सुई ऐकली असेल, ती जपानच्या जेव्हीसीने १९७० च्या दशकात चार चॅनलच्या रेकॉर्डसाठी काढली, त्यात ३० किलोहर्ट्झचा कॅरियर सिग्नल खोबणीतून वाचावा लागायचा, साध्या सुईला ते जमेना. अशा बारीक धारेच्या सुया आतल्या खोबणीत जो फरक पाडतात तो अलाइनमेंटच्या शेवटच्या कसरतीतून कधीच मिळत नाही. पण त्यांना अलाइनमेंटही जास्त काटेकोर लागतं, कारण धार लांब असल्याने थोडी तिरकी बसली तरी खोबणीच्या दोन भिंतींवर ती पुढेमागे टेकते. म्हणून प्रश्नाचं उत्तर सुईवरही ठरतं: कोनिकलला ढोबळ चालतं, इलिप्टिकलला नीट लागतं, मायक्रोलिनिअरला काळजीपूर्वक.

आणि रेकॉर्डचं भोक. याबद्दल लोक इतकं कमी बोलतात याचं मला फार वाईट वाटतं, कारण आपल्या संगीताला याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. भोक अर्धा मिलिमीटर जरी मध्यापासून सरकलेलं असेल, आणि जुन्या छापाईत हे अजिबात दुर्मिळ नाही, तर आतल्या खोबणीत सूर ०.८ टक्के वर आणि तेवढाच खाली झुलतो, दर १.८ सेकंदाला एक हेलकावा. सेंटमध्ये (सप्तकाचे १२०० भाग केले तर त्यातला एक) सांगायचं तर चौदा वर, चौदा खाली, म्हणजे एकूण अठ्ठावीस. प्रमाणश्रुती साडेएकवीस सेंटची असते. म्हणजे तानपुऱ्याचा षड्ज एका श्रुतीपेक्षा जास्त हलतोय आणि आपण बसलोय कार्ट्रिजचा दशांश अंश मोजत! नाकामिचीने १९८० च्या दशकात यासाठी रेकॉर्ड आपोआप मध्यावर आणणारं टेबल काढलं होतं, त्यांना हा प्रश्न किती गंभीर वाटला असेल बघा. घरी करण्यासारखं एवढंच की रेकॉर्ड फिरताना टोनआर्म डावी-उजवीकडे डोलतोय का ते बघायचं. स्पष्ट डोलत असेल तर भोक सरकलेलं आहे, त्या रेकॉर्डवर सुराचा हेलकावा ऐकून कार्ट्रिजला दोष देऊ नका.

वडिलांच्या एलपींबद्दल एक वेगळी काळजी सांगतो. त्या काळी आपल्याकडे बहुतेक घरांत सिरॅमिक कार्ट्रिजवाले प्लेअर होते, पाच-सहा ग्रॅम वजनाने चालणारे, आणि सुई वर्षानुवर्षं बदललेली नसायची. अशा सुईने खोबणीच्या भिंती जिथे खरवडल्या गेल्या तिथला आवाज कायमचा गेला, कुठलंही अलाइनमेंट तो परत आणत नाही. बारीक धारेची सुई कधी कधी भिंतीच्या न घासलेल्या भागावर टेकते आणि थोडं जास्त वाचते, एवढाच दिलासा. बुरशीचं मात्र ऐका, पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या रेकॉर्डवर जे पांढरट ठिपके दिसतात ते धुतलं की बऱ्याचदा जातात आणि आवाज इतका सुधारतो की लोकांना वाटतं कार्ट्रिज बदललं. डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, एखादा थेंब साधा साबण, मऊ कापड, खोबणीच्या दिशेने पुसायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने परत. कपाटात ७८ च्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोल चुकूनही लावू नका, लाख विरघळते.

ठीक, आता प्रत्यक्ष काम. आधी ही चाचणी करा. एक रेकॉर्ड निवडा जे तुमच्या माहितीत कमी वाजलंय, शक्यतो नवीन छापलेलं, गाणं असलेलं. पहिलं गाणं आणि शेवटचं गाणं ऐका. दोन्हीकडे स, श घाणेरडे येत असतील तर सुई मळलीय, झिजलीय किंवा वजन कमी आहे. फक्त आत येत असतील तर अलाइनमेंटकडे बघा. एकाच स्पीकरमधून जास्त येत असतील, विशेषतः उजव्या, तर अँटी-स्केट (आर्मला बाहेरच्या बाजूला ओढणारा हलका ताण) कमी आहे, कारण आर्म स्वतःहून आत ओढला जातो, सुई आतल्या भिंतीवर, म्हणजे डाव्या चॅनलवर, दाबून बसते आणि बाहेरची भिंत सोडते.

वजन पहिल्यांदा. व्हीएम९५ई ला कंपनी १.८ ते २.२ ग्रॅम सांगते, २ ठेवा. छोटा डिजिटल काटा घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळतो, फक्त त्याच्या ताटलीत लोखंड नको, कार्ट्रिजमधलं चुंबक ओढलं जातं आणि आकडा खोटा येतो. आणि काटा जाड असेल तर मोजताना सुई रेकॉर्डच्या पातळीपेक्षा वर राहते, तेही टाळा. बरेच लोक रेकॉर्ड झिजू नये म्हणून वजन मुद्दाम कमी ठेवतात, हे नेमकं उलटं आहे. हलकी सुई जोराच्या जागी खोबणीतून उडते आणि परत आपटते, भिंती त्यानेच फुटतात. २.१ ने काही होत नाही, १.५ ने होतं.

मग प्रोट्रॅक्टर. बेअरवाल्डचा दोन ठिपक्यांचा प्रोट्रॅक्टर इंटरनेटवर फुकट मिळतो, छापताना स्केल १०० टक्के आहे ना बघा, कारण प्रिंटर पानात बसवायला गुपचूप लहान करतो, आणि तीन टक्क्यांनी लहान झाला तर बाहेरचा नल पॉइंट साडेतीन मिलिमीटर सरकला. पानावर जी मापाची रेघ असते ती स्टीलच्या पट्टीने मोजल्याशिवाय कात्री लावू नका. भोक स्पिंडलवर घट्ट बसेल असं कापा, सैल भोक म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. अँटी-स्केट शून्यावर. स्क्रू एवढेच सैल करा की कार्ट्रिज बोटाने सरकेल पण स्वतःहून हलणार नाही. सुई आतल्या ठिपक्यावर अलगद ठेवा आणि समोरून बघा, कार्ट्रिजच्या डब्याकडे नको, कँटिलिव्हरकडे. एका डोळ्याने वाकून बघण्यापेक्षा मोबाईल टेबलासमोर टेकवून कॅमेरा झूम करा, रेघा आणि नळी एका चौकटीत स्वच्छ दिसतात. १ अंश तिरकेपणा म्हणजे कार्ट्रिजच्या लांबीवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, उभ्याने नजरेला तो कळत नाही, झूम केला की लगेच कळतो. आतल्या ठिपक्यावर समांतर झालं की बाहेरच्या ठिपक्यावर जा. तिथे नळी तिरकी दिसली तर कार्ट्रिज केसभर पुढे किंवा मागे घ्या आणि परत आतून सुरू करा. दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही जागी जुळतं. शेवटी स्क्रू आवळताना सुईवर टोपी लावा आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा, एकच पूर्ण आवळला तर कार्ट्रिज तिथल्या तिथे वळतं. आवळून झाल्यावर परत दोन्ही ठिपके तपासायचे, ही पायरी लोक सोडतात आणि सगळं तिथेच बिघडतं. कार्ट्रिज हेडशेलच्या कडेशी जरा तिरकं दिसलं तर घाबरू नका, बऱ्याच आर्मवर बेअरवाल्ड लावलं की तसंच दिसतं. कार्ट्रिज जागेवरून हललं की वजनही बदलतं, म्हणून काटा परत एकदा.

आर्मची उंची वगैरेवर मी तुमचा वेळ घेत नाही. ९ इंची आर्मची मागची बाजू ४ मिलिमीटर वर केली तर सुईचा उभा कोन १ अंशाने बदलतो. जाड १८० ग्रॅमच्या आणि साध्या रेकॉर्डमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा फरक, म्हणजे कोनात अंशाचा आठवा भाग. इलिप्टिकल सुईवर प्रत्येक रेकॉर्डला उंची बदलणाऱ्यांनी ती बदलावी, मी नाही बदलत. आर्म वाजताना साधारण आडवा दिसतोय ना, एवढं पुरे. समोरून कार्ट्रिज रेकॉर्डवर सरळ उभं आहे, एका बाजूला कललेलं नाही, तेही आरशाच्या तुकड्यावर सुई ठेवून बघून घ्या. अँटी-स्केट वजनाच्या आकड्याइतकं लावून सुरुवात करा आणि मग कानाने. गुळगुळीत रिकाम्या चकतीवर आर्म स्थिर राहतो का ही चाचणी करू नका, खोबणीतलं घर्षण वेगळं असतं.

तर तुमच्यासाठी: महागडा प्रोट्रॅक्टर घेऊ नका. तेवढ्या पैशात आधी काटा घ्या, मऊ ब्रश घ्या, आणि उरलेले बाजूला ठेवा. कागदी प्रोट्रॅक्टरने एक रविवार सकाळ देऊन व्हीएम९५ई नीट बसवा आणि वर्षभर निवांत ऐका. सुई झिजली की, कंपनी इलिप्टिकलचं आयुष्य ३०० तास सांगते आणि मायक्रोलिनिअरचं १०००, त्याच कार्ट्रिजच्या तोंडाला मायक्रोलिनिअर सुई लावा. हिरव्या रंगाच्या सुईच्या जागी लाल रंगाची, फक्त पुढचा भाग ओढून बदलायचा, कार्ट्रिज जागचं हलवावं लागत नाही. द्रुत ताना तिथे खऱ्या उघडतील. त्या दिवशी प्रोट्रॅक्टर मात्र परत काढा, कारण नवीन सुईची कँटिलिव्हर जुनीच्या अगदी जागी असेलच असं नाही, आणि बारीक धारेला अर्धा मिलिमीटरही कळतो.